शाबूत आरे

दुरुस्तीला आलेलं कुठलंही चाक आमचे मिस्त्री आधी वाजवून बघत. चाक साखळीनं टांगायचं, जमिनीला टेकू द्यायचं नाही आणि लहान हातोडीनं एकेका आऱ्यावर हलकी टिचकी मारायची. शाबूत बीड स्वच्छ वाजतं आणि तो आवाज थोडा वेळ रेंगाळतो. भेग असली की आवाज जागीच बसतो. बाजारात माठ घेताना आपण बोटानं वाजवून बघतो, तसंच हे. डोळ्याला न दिसणारी भेग कानाला कळते. मिस्त्री चाक घेताना वाजवत, तसंच परत देतानाही वाजवत, आणि दोन्ही वेळा गिऱ्हाइकाला शेजारी उभं करत.

मी सोळाव्या वर्षी कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्यांच्या हाताखाली लागलो. दुकानात तीनच माणसं होती. मिस्त्री, वीसेक वर्षांपासून त्यांच्याकडे असलेला थोरला कारागीर, ज्याला सगळी गल्ली दादा म्हणायची, आणि मी. आमच्याकडे यायची ती शेतावरची जुनी यंत्रं. गुऱ्हाळांचे चरक, रहाटाची दातेरी चाकं, शेंगा फोडायची यंत्रं, तडकलेली इंजिनांची जॅकेटं. ज्यांचे सुटे भाग बाजारातून कधीच गेले होते, अशी सगळी.

या मुलखाला बिडाच्या यंत्रांचा लळा जुना आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावातच कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर करायला घेतले होते. पुढे १९१० मध्ये औंध संस्थानातल्या कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. लोखंडाच्या फाळानं जमीन नासते, असं म्हणून तो नांगर शिवाराबाहेर ठेवणारे शेतकरी सुरुवातीला होते. दोन पिढ्यांनी मला जे दिसलं ते नेमकं उलटं होतं. आजोबांनी घेतलेलं यंत्र मोडीत घालायचं नाही, म्हणून नातू बैलगाडीतून, टेम्पोतून ते आमच्या दारात आणून ठेवायचे. काहींच्या हातात तुटलेला तुकडा फडक्यात गुंडाळलेला असायचा. तो फेकून न दिल्याबद्दल मिस्त्री त्यांना आधी चहा पाजत.

दसरा झाला होता. कागलकडच्या एका तात्यांनी गुऱ्हाळाच्या चरकाची पुली आणली. इंजिनावरून पट्टा जिच्यावर येतो ती मोठी पुली. व्यास चार फूट, सहा आरे, आणि वजन इतकं की उभी करायला तिघं लागत. काम किरकोळ होतं. मधल्या तुंब्यातली चावीची खाच झिजून मोठी झाली होती, ती सारखी करून नवी चावी बसवायची. मिस्त्रींनी पुली टांगून वाजवली. सहाही आरे स्वच्छ बोलले. तात्यांनी मान हलवली.

त्या पुलीचे आरे सरळ नव्हते, नागमोडी होते. मला ती शोभा वाटली. मी तसं बोललोही. मिस्त्रींनी लगेच काही सांगितलं नाही. आऱ्यावरून हात फिरवत एवढंच म्हणाले, "ज्यानं ह्याचा लाकडी पॅटर्न केला, तो माणूस शहाणा होता."

काम दोन दिवसांत झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी तात्या पुली न्यायला येणार होते. आदल्या संध्याकाळी मिस्त्री एका लग्नाला गेले, सहा वाजता दादा घरी गेला. दुकान झाडून, लेथला तेल घालून मला तिथंच झोपायचं होतं. पुली भिंतीला टेकवून उभी होती. उभ्या चाकाखाली दोन्ही बाजूंना दगड लावायचा, हा दुकानाचा नेम. त्या दिवशी एकाच बाजूला दगड होता. मला ते दिसलं. तरी मागचा कचरा काढायला मी पुली एका हातानं जरा पुढे ओढली.

ती सावकाश निघाली. अजूनही आठवतं, मला वाटलं होतं की थांबेल. उंबऱ्याच्या दगडावर ती आडवी पडली आणि जो आवाज झाला तो मोठाही नव्हता. सहांपैकी एक आरा मधोमध तुटला होता.

तुटलेल्या जागी मी बोट लावलं. बोट काळं झालं, पेन्सिलीच्या शिशासारखं. बिडात तीन-साडेतीन टक्के कर्ब असतो. त्यातला बराचसा याच पेन्सिलीतल्या शिशाच्या, म्हणजे ग्राफाइटच्या, बारीक पापुद्र्यांच्या रूपात लोखंडाच्या पोटात पसरलेला असतो. म्हणूनच बीड साच्यात पाण्यासारखं पसरतं, कापायला मऊ लागतं, झिजतं कमी, आणि म्हणूनच ताणलं की तुटतं. दाबाला ते पहाडासारखं उभं राहतं, ओढ मात्र त्याला सोसत नाही. साधं लोखंड तुटायच्या आधी वाकून दाखवतं. बीड दाखवत नाही. हे सगळं मी पुढे शिकलो. त्या रात्री मला एकच गोष्ट दिसत होती, सकाळी येणारे तात्या.

मला वेल्डिंग येत होतं. पत्र्याची दारं, लोखंडी खाटा यांवर हात चांगला बसला होता. मी तुटलेल्या कडा ग्राइंडरनं तिरप्या केल्या, टोकं जुळवली आणि साध्या लोखंडाच्या रॉडनं झाळ भरली. मग ती घासून गुळगुळीत केली आणि वर काळ्या रंगाचा हात मारला. दिव्याच्या उजेडात मला स्वतःलाच जोड सापडेना. उंबऱ्याच्या दगडावर पडलेले रंगाचे थेंबही मी पुसले. मग साखळीनं उचलून पुली परत भिंतीला टेकवली आणि झोपलो.

पहाटे कधीतरी दुकानात 'टिक्' झालं. उंदीर असेल म्हणून मी कूस बदलली. पण त्या आवाजाला पत्र्याचाही नाद नव्हता, लाकडाचाही नव्हता. मी उठून बॅटरी लावली. माझी झाळ जशीच्या तशी होती. झाळीला लागून, तिच्या काठाकाठानं, केसासारखी एक नवी रेघ आऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली होती. कुणी हात लावला नव्हता, वजन टाकलं नव्हतं. चाक आपणहून फाटलं होतं.

मी त्या रेघेवरही रंग लावला.

सकाळी आठला तात्या टेम्पो घेऊन आले. मिस्त्री आले, दादा आला. रिवाजाप्रमाणे पुली साखळीला लागली. मिस्त्रींनी हातोडी घेतली. पहिला आरा बोलला, दुसरा, तिसरा. प्रत्येक आवाज संपेपर्यंत ते थांबत होते. पाचवा बोलला. सहाव्यावर टिचकी पडली आणि आवाज मातीत पडल्यासारखा तिथंच मेला.

मिस्त्रींनी परत मारलं नाही. अंगठ्यानं रंग चोळला, अंगठ्याचा वास घेऊन बघितला आणि कुणाकडेही न बघता विचारलं, "कधी पडलं?"

'कुणी पाडलं' असं त्यांनी विचारलं नाही, हे मला खूप उशिरा लक्षात आलं. मी सगळं सांगितलं. पडल्याचं, झाळीचं, रंगाचं आणि पहाटेच्या दुसऱ्या रंगाचंही. सांगताना माझा आवाज फुटत होता.

दादा भडकला. "पडलं तवाच कुणाला तरी बोलवायचं न्हाई व्हय? वर आणि रंग लावतंय! मिस्त्री, ह्याच्या पगारातनं कापा आणि लावा घरला." तात्यांचा चेहरा उतरला होता. त्यांच्या फडाची तोड दुसऱ्या दिवसापासून ठरलेली होती. तोडलेला ऊस पडून राहिला की रस आंबूस व्हायला लागतो, मग गूळ नीट बसत नाही, रंगही जातो. ते म्हणाले, "मिस्त्री, नवीन ओतून द्या, मी पैसे भरतो. पण लौकर द्या."

"नवीन ओतायचं म्हणजे आधी लाकडाचा पॅटर्न आला तात्या," मिस्त्री म्हणाले. "हेच चाक वाळूत दाबून साचा काढला, तर पुली बारकी निघती. बीड थिजताना फुटाला आठवा हिस्सा इंच आकसतं. तुमच्या चार फुटाला अर्धा इंच गेलं. पॅटर्नवाल्याची फूटपट्टीच येगळी असती, तेवढी वाढवून आखलेली. पॅटर्न, साचा, ओतकाम, मग लेथवर घेणं. पंधरा दिवस तरी धरा."

मग त्यांनी तात्यांना विचारलं, चाक मिनिटाला किती फेरे घेतं. तात्यांनी अंदाजानं शंभर-सव्वाशे सांगितले. मिस्त्रींनी तोंडीच हिशेब केला. चार फुटांच्या चाकाचा घेर साडेबारा फूट, म्हणजे मिनिटाला पंधराशे फूट. जुन्या कारागिरांचा एक दंडक आहे, बिडाच्या चाकाची कड मिनिटाला पाच हजार फुटांच्या पुढे पळू द्यायची नाही, त्यापुढे चाक आपल्याच वेगानं फुटून तुकडे गोळ्यांसारखे उडू शकतात. "हे इंजिनाचं फ्लायव्हील असतं, तर मी हात लावला नसता, नवीनच घ्या म्हणलं असतं," मिस्त्री म्हणाले. "हे सावकाश फिरणारं हाय. हे जोडता येतंय. पण परवा सकाळपातुर थांबाय लागंल. आणि मधे कुणी घाई करायची न्हाई. तुम्हीबी."

तात्यांनी टेम्पोवाल्याजवळ गावी निरोप धाडला की तोड दोन दिवस पुढे ढकला. स्वतः मात्र गेले नाहीत. धोतराचा सोगा खोचून बाकावर बसले.

दिवसभर मला एकच काम होतं, माझी झाळ काढून टाकणं. ती घालायला मला अर्धा तास लागला होता. आधी कानस लावली तर कानस घसरायला लागली, काचेवरून घसरावी तशी. मिस्त्री जवळ येऊन उकिडवे बसले. शिव्या देतील म्हणून मी वाट बघत होतो, त्यांनी शिकवायला सुरुवात केली.

"थंड बिडावर तापलेली झाळ पडली की शेजारचं बीड एका दमात तापतं आणि एका दमात निवतं. असं झटक्यात निवलं की त्यातल्या कर्बाला शिसं होऊन बसायला वेळच मिळत न्हाई. तो लोखंडातच अडकतो. मग बीड पांढरं होतं, काचेसारखं. ते कानशीला दाद देत न्हाई आणि जरा ओढ बसली की तडकतं."

"पण ओढ कुठनं आली मिस्त्री? चाक तर नुसतं उभं होतं."

त्यांनी खडूनं फरशीवर चाक काढलं. "आऱ्याची दोन्ही तुटकी टोकं तू तापवलीस. तापली म्हणजे ती लांबली, एकमेकांकडं सरकली. तेवढ्यात तू झाळ भरलीस. मग निवायला लागल्यावर ती मागं सरणार. पण मधे झाळ धरून बसलीय, एका अंगाला तुंबा, दुसऱ्या अंगाला कड, आणि दोन्ही थंड, दोन्ही जागची हलत न्हाईत. मग आऱ्यानं जायचं कुठं? रातभर तो ताणून होता. पहाटं त्याला सोसलं न्हाई."

मग नागमोडी आऱ्यांचं कोडंही त्यांनी सोडवलं. चाक ओतलं की त्याचा पातळ भाग आधी थिजतो, जाड भाग मागाहून. मागाहून थिजणारा आकसताना आधी थिजलेल्याला ओढतो. आरे सरळ असले तर ही ओढ पोटात घेऊन बसतात आणि एखादा साच्यातच तुटतो. वाकडा आरा थोडा उलगडतो, थोडा आवळतो, तेवढी ओढ जिरवतो. "शोभेसाठी न्हाई ते," मिस्त्री म्हणाले. आधी ते ज्याला शहाणा म्हणाले होते, त्या पॅटर्नवाल्याचं नाव कुठंच कोरलेलं नव्हतं.

दुपारपर्यंत माझ्या तळहातांना फोड आले. पांढरं झालेलं बीड ग्राइंडरनं कणाकणानं खाल्लं. मग आऱ्याला रॉकेल चोपडलं, पुसून कोरडं केलं आणि वर खडूची भुकटी लावली. भेगेत शिरलेलं रॉकेल भुकटीत उमटतं आणि भेगेचं खरं टोक दिसतं. ते तुंब्याच्या बाजूला आणखी बोटभर आत गेलं होतं. माझ्या डोळ्यांना ते दिसलं नव्हतं. त्या टोकाला बारीक भोक पाडलं, म्हणजे भेग पुढे धावत नाही. मग तुटलेल्या दोन्ही कडा दोन्ही अंगांनी तिरप्या केल्या. दादा तिकडे लेथवर आपलं काम करत होता आणि मधूनमधून माझ्याकडे बघून मान फिरवत होता.

संध्याकाळी मिस्त्रींनी मागच्या अंगणात विटांवर चाक आडवं ठेवायला लावलं. खाली लोणारी कोळसा, भोवती शेणी, वर झाकायला जुने पत्रे. आणि मग म्हणाले, "आज घरला कुणी जायचं न्हाई. भाकरी इथंच मागवलीय."

दादाच्या हातात घरी न्यायची पिशवी होती. तो म्हणाला, "चूक ह्याची, आणि जागायचं आम्ही?"

मिस्त्रींनी गॅसची नळी उचलून त्याच्यापुढे धरली. "आरा एकच तुटलाय. तेवढाच तापवून जोडून दे बघू."

दादा त्या नळीकडे बघत उभा राहिला. वीस वर्षं हेच काम केलेला माणूस. काही वेळानं त्यानं पिशवी खुंटीला अडकवली.

बीड जोडायची ही जुनी रीत आहे आणि ती सगळ्यांत कष्टाची आहे. पितळेची कांडी आणि सवागी लावूनही जोड होतो, निकेलच्या महागड्या रॉडनं इंच-इंच झाळ घालून, प्रत्येक वेळी हात ठेवता येईल इतकं निवू देत, थंडपणीही होतो. पण अशा चाकाला मिस्त्री बिडाचीच कांडी वापरत, आणि त्यासाठी आख्खं चाक तापवावं लागतं. न तुटलेले पाच आरे, तुंबा, कड, सगळं. तेही सावकाश, तीन-चार तास घेऊन. एक बाजू लवकर तापली तर नवी भेग पडते. उष्णता मोजायला आमच्याकडे काही नव्हतं, अंधार होता. साधारण साडेपाचशे-सहाशे अंशांवर लोखंड अंधारात जेमतेम दिसेल असं लालसर होतं. दिवसा ती लाली दिसतच नाही. म्हणून हे काम रात्रीचं, आणि म्हणून मिस्त्रींनी आजूबाजूचे सगळे दिवे घालवले.

आणि इथं तात्या बाकावरून उठले. आयुष्य चुलवाणापुढे घालवलेला माणूस तो. काहिलीखालचा जाळ कुठं कमी, कुठं जास्त, हे त्यांना वाफेवरून कळत असे. ते चाकाभोवती एक फेरी मारून म्हणाले, "ह्या अंगाला जाळ दमलाय. चार शेण्या घाल रं पोरा. तिकडचा जरा मागं ओढ." मिस्त्रींनी जाळ त्यांच्याकडेच सोपवला. जुन्या बिडात मुरलेलं तेल आणि पट्ट्याला लावलेलं राळ-मेण निळ्या धुरानं बाहेर पडत होतं. मिस्त्रींच्या घरून काकूंनी पाठवलेली भाकरी आणि झुणका आम्ही त्या धुरातच खाल्ला.

अकराच्या सुमाराला धूर थांबला. आम्ही चौघं चार बाजूंना बसलो होतो. अंधारात तोंडं दिसत नव्हती, चाकही अजून दिसत नव्हतं. तेव्हा दादा बोलला.

"दगड मी नेला हुता."

कुणी काही म्हणालं नाही.

"परवा. ऐरण डुलत हुती म्हणून तिच्याखाली घातला. सांजंला परत ठेवायचा ऱ्हायला." थोडं थांबून म्हणाला, "सकाळी आल्याआल्या मी तो ऐरणीखाली बघितला. तरीबी बोललो."

शेणी तडतडली. मिस्त्री म्हणाले, "तुझ्या अंगाची कड बघ, रंग धरतीय का?" दादा वाकला. म्हणाला, "धरतीय."

खरोखरच धरत होती. आधी भास वाटावा अशी, मग नक्की. चाकाची गोल कड अंधारातून वर आली, मग आरे एकेक करून, सहाही, तुंब्यापर्यंत. देवळाच्या गाभाऱ्यात डोळे स्थिरावल्यावर मूर्ती दिसावी तसं ते चाक मला दिसलं. चार फुटांचं चाक इतकं तापलं की सात-आठ मिलिमीटरनं वाढतं, हे मिस्त्रींनी सांगितलं होतं. ते वाढलेलं मला डोळ्यांना कळलं नाही. पुढचं मात्र कळलं. मिस्त्रींनी तुटलेल्या आऱ्याला हात लावला नाही. त्याच्या दोन बाजूंची कड आणि शेजारचे दोन शाबूत आरे, यांच्यावर त्यांनी गॅसची ज्योत धरली. ते आणखी लाल झाले, आणखी वाढले, आणि वाढताना त्यांनी कड बाहेर रेटली. तुटलेल्या टोकांमधली फट आमच्या देखत उघडली. पोस्टकार्ड सहज जाईल इतकी.

"आता ह्याला जागा झाली," मिस्त्री म्हणाले.

मग त्यांनी कांडी घेतली. दादानं दुसरी ज्योत कडेवर धरून ठेवली, तात्यांनी जाळ पडू दिला नाही आणि मी सवागी लावलेल्या कांड्या एकामागून एक पुढे करत राहिलो. बीड बाराशे अंशांच्या आतच वितळतं. वितळलेलं बीड तुटलेल्या कडांना मिळालं, तेव्हा कुठली कड आणि कुठली कांडी, हे ओळखू येईना. पाऊण तास लागला. दादाचा हात एकदाही हलला नाही. शेवटी मिस्त्रींनी ज्योत बंद केली. परत सगळं चाक एका रंगाला येईपर्यंत अर्धा तास जाळ दिला आणि मग आम्ही त्याच्यावर राख, कोरडा चुना आणि वाळू घमेल्या-घमेल्यानं ओतली. वर पोती, पत्रे. वारा लागू नये म्हणून अंगणाचं दार लावून घेतलं. आता शेजाऱ्यापाजाऱ्यांसकट सगळं चाक एकदमच निवणार होतं, एकदमच आकसणार होतं. कुणी कुणाला ओढणार नव्हतं.

दुसरा दिवस नुसता वाट बघण्यात गेला. हा दिवस रात्रीपेक्षा जड होता. बीड जोडणाऱ्यांची निम्मी कामं याच वेळी बिघडतात, असं माझं आता पन्नाशीनंतरचं मत आहे. झाळ बरोबर बसते आणि माणूस बघायला म्हणून राख उकरतो. दुपारी तात्यांचा धीर सुटला. त्यांनी पोत्याचा कोपरा धरला. दादा पोत्यावर जाऊन बसला. "तात्या, काहिलीतला पाक तयार व्हायच्या आधी तुम्ही कुणाला ढवळू देता का?" तात्या हसले आणि बाकावर परतले. त्या रात्री दादा तिथंच पोत्यालगत घोंगडं टाकून झोपला. मला त्यानं घरी पाठवलं. "आई वाट बघत असंल. दोन रात्री झाल्या."

तिसऱ्या दिवशी सकाळी राख बाजूला केली तेव्हा चाक अंगात ताप असलेल्या माणसाच्या कपाळाएवढं कोमट होतं. घासलं, पुसलं. जोडाचा रंग बाकीच्या बिडाशी मिळून गेला होता, फक्त जागा थोडी फुगीर होती. मी ग्राइंडर उचलला, तर मिस्त्रींनी तो माझ्या हातातून घेतला. "ऱ्हाऊ दे. पुढच्या कारागिराला दिसाय पायजे, हितं काम झालंय म्हणून."

चाक साखळीला लागलं. तात्या शेजारी उभे राहिले. मिस्त्रींनी हातोडी माझ्याकडे दिली.

मी पाच आरे वाजवले. पाचही बोलले, पाचव्याचा आवाज संपला आणि माझा हात पुढे जाईना. मी मिस्त्रींकडे बघितलं. ते तात्यांशी चावीबद्दल काहीतरी बोलत होते. दादानं मागून हळूच म्हटलं, "मार की. मी हाय."

मारली. आवाज बाकीच्यांपेक्षा किंचित खालचा होता, जोडाजवळ बीड थोडं जाड होतं म्हणून. पण तो बसला नाही. रेंगाळला, साखळीतून वरच्या तुळईत गेला आणि तिथं संपला. तात्यांनी डोक्यावरची टोपी काढून परत घातली.

बिलाच्या कागदावर मिस्त्रींनी एकच ओळ लिहिली, चावीची खाच आणि नवी चावी. तात्या आग्रह करत राहिले, मिस्त्री ऐकेनात. आठवड्यानं तात्या पहिल्या गुळाची एक ढेप घेऊन आले. चाक कसं चालतंय ते सांगायला लागले, तर मिस्त्रींनी त्यांना थांबवून आधी ढेप फोडायला लावली. तिचे चार वाटे झाले. चौथा वाटा त्यांनी तात्यांच्याच हातात ठेवला.

ज्या दिवशी चाक गेलं, त्या संध्याकाळी मी झाडायला घेतलं, तेव्हा ऐरणीखाली लाकडाचा नवा ठोकळा होता, तासून नीट बसवलेला. आणि भिंतीपाशी, जिथं आम्ही चाकं उभी करतो तिथं, दोन नाही, चार दगड मांडून ठेवले होते.